तू ओढ, नाही तू ओढ: सायकल शर्यतीतल्या युत्यांना फिक्सिंग म्हणणाऱ्यांसाठी

31 मे 2025. जिरो दि'तालिया, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची सायकल शर्यत, तिची विसावी स्टेज (एका दिवसाचा टप्पा), शेवटून दुसरी, पण खरं तर शेवटचीच, कारण रोममधली एकविसावी जीसीवाल्यांसाठी (जीसी म्हणजे सगळ्या स्टेजचा मिळून वेळ, ज्याचा सगळ्यात कमी तो शर्यत जिंकतो) जवळपास मिरवणूकच होती. कोल्ले देल्ले फिनेस्त्रेचा घाट, वरच्या आठेक किलोमीटरला डांबरसुद्धा नाही, नुसती खडी. गुलाबी जर्सी, म्हणजे जीसीत पहिला असलेल्याची, ईसाक देल तोरोच्या अंगावर, 21 वर्षांचा मेक्सिकन पोरगा. त्याच्या 43 सेकंद मागे एक्वाडोरचा रिचर्ड कारापाझ, जो 2019 ला जिरो जिंकलेला आहे, आणि 1 मिनिट 21 सेकंद मागे सायमन येट्स. घाटाच्या पायथ्याशीच कारापाझच्या टीमने असला जोर लावला की पेलोटॉनच्या, म्हणजे रायडरच्या मुख्य घोळक्याच्या, चिंध्या झाल्या, मग कारापाझ सुटला, देल तोरो त्याच्या मागच्या चाकाला गोचिडासारखा चिकटला, आणि येट्स फार गाजावाजा न करता मागून आला आणि पुढे निघून गेला. आणि हे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

बसले म्हणजे खरंच बसले हो. देल तोरोचं गणित असं की बाबा तू दुसरा आहेस, तुला जिंकायचंय, तू ओढ, म्हणजे पुढे राहून वारा तू खा. कारापाझचं गणित असं की जर्सी तुझ्या अंगावर आहे, वाचवायची गरज तुला, मी तुला फुकट का वाहून नेऊ. दोघांचंही गणित कागदावर एकदम बरोबर! तोवर येट्स घाट उतरून खाली दरीत पोचला, आणि तिथे त्याच्याच टीमचा वाऊट व्हान आर्ट त्याची वाट बघत होता, सकाळपासून ब्रेकअवेमध्ये, म्हणजे आधीच पुढे सुटलेल्या गटात, त्याला पाठवला होता तो याचसाठी. त्याने येट्सला दरीतून असा ओढला की विषयच संपला. हे दोघं त्या दिवशी येट्सच्या पाच मिनिटांहून जास्त मागे आले, आणि येट्सने जिरो 3 मिनिटं 56 सेकंदांनी जिंकला.

मी स्क्रीनसमोर ओरडत होतो की अरे पंधरा मिनिटं तरी वाटून ओढा, मग सेस्त्रिएरेच्या शेवटच्या चढावर एकमेकांचा गळा धरा! आणि मी एकटाच ओरडत होतो असं नाही. पण गंमत बघा, त्या दिवशी या दोघांनी युती केली नाही म्हणून हळहळणारेच लोक, दुसऱ्या कुठल्या शर्यतीत दोन वेगळ्या टीमच्या रायडरनी मिळून तिसऱ्याला मारलं की "हे काय, सेटिंग आहे सगळं" म्हणतात. मला ह्यावरच बोलायचंय. माझं म्हणणं असं की रस्त्यावर होणारी युती हा या खेळाचा डाग नाही, तोच खेळ आहे, आणि ज्यांना त्यात भ्रष्टाचार दिसतो ते चुकीच्या जागी बोट दाखवतायत.

आधी थोडं हवेबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. सपाट रस्त्यावर ताशी 45 ने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की त्यातली चांगली तीसेक टक्के वाचते, मोठ्या पेलोटॉनच्या पोटात तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे इथे प्रतिस्पर्ध्याला हरवायचं तर बराच वेळ त्याच्यासोबतच काम करावं लागतं. शंभर मीटरच्या धावण्यात असं काही नसतं, टेनिसमध्ये नसतं, इथे असतं. खड्या चढावर वेग वीसवर आला की आडोशाचा फायदा कमी होतो आणि ज्याच्या पायात दम तो पुढे, तिथे कुणाशी युती करून फारसं काही मिळत नाही. म्हणून माझ्या मते खरी शर्यत दोन घाटांच्या मधल्या दरीत होते. टीव्हीवाले नेमकी तिथेच जाहिरात लावतात तो भाग वेगळा.

2016 च्या जिरोमध्येही हेच. कोल्ले देल'आन्येल्लोच्या उतारावर गुलाबी जर्सीतला क्रुइस्वाइक बर्फाच्या भिंतीवर आदळला, आणि पुढे ब्रेकमध्ये असलेला मिकेले स्कार्पोनी, जो त्या घाटमाथ्यावर सगळ्यात आधी पोचला होता, तो चक्क थांबला. स्टेज जिंकायची संधी समोर दिसत असताना थांबला, नीबाली मागून येईपर्यंत, आणि मग दरीभर त्याला ओढत नेलं. नीबालीने ती स्टेज घेतली, पुढे जिरोही घेतला. यावर कुणी सेटिंग म्हणत नाही, कारण दोघं एकाच टीमचे.

इथेच माझा पहिला प्रश्न आहे. स्कार्पोनीने स्वतःची संधी सोडून दिली ते चालतं, उलट डोळ्यात पाणी आणून आठवलं जातं (पुढच्याच वर्षी सरावात अपघात होऊन तो गेला, त्यामुळे जास्तच). मग दोन टीमच्या दोघांनी, स्वतःची संधी न सोडता, अर्धा तास मिळून काम केलं तर ते कशात बसतं? यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमात लिहिलंय की प्रत्येक रायडरने आपली संधी खिलाडूपणे लढवावी आणि निकाल खोटा ठरवेल अशी कुठलीही मिलीभगत चालणार नाही. अक्षर धरून वाचलं तर या नियमाखाली पहिला गुन्हेगार डोमेस्टिक ठरतो, म्हणजे ज्याचं कामच मुळात आपली संधी न लढवणं हे आहे तो! आठ जणांच्या टीममध्ये सहा-सात जण बाटल्या आणायला, वारा खायला आणि लीडर पंक्चर झाला तर स्वतःचं चाक काढून द्यायला असतात. 1934 च्या टूर द फ्रान्समध्ये रेने व्हिएतोने, विशीतलं पोरगं, आपल्या लीडरला, आंतोनिन मान्यला, आधी पुढचं चाक दिलं आणि दुसऱ्या दिवशी तर उलटा चढ चढून परत जाऊन अख्खी सायकल दिली. फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं.

आणि आताचं उदाहरण हवं तर 2023 चा व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तशीच शर्यत. जम्बो-व्हिस्माचे तिघं पहिल्या तीन जागांवर, कुस, विंगेगार्ड, रोग्लिच. तिथली पहिल्या नंबरची लाल जर्सी सेप कुसकडे, जो त्या वर्षी तिन्ही ग्रँड टूर (जिरो, टूर, व्हुएल्टा) धावला होता आणि आधीच्या दोन्हीत याच दोघांना जिंकवून आला होता. आंग्लिरूच्या भिंतीसारख्या चढावर हे दोघं आपल्याच जर्सीवाल्याला मागे टाकून निघून गेले. कुसची जर्सी फक्त 8 सेकंदांनी वाचली, आणि वाचली कुणामुळे, तर बाहरेनच्या मिकेल लांडामुळे, ज्याच्या चाकामागे तो वरपर्यंत आला. लांडा काही उपकार करत नव्हता, त्याला त्याची स्वतःची जीसीची जागा हवी होती, तो शेवटी पाचवा आला. म्हणजे टीमवाल्यांनी सोडलं आणि परक्याच्या स्वार्थाने तारलं. पुढे टीमने ठरवलं की आता कुसलाच जिंकू द्यायचं, आपसात हल्ले बंद. आता मला सांगा, शर्यतीतल्या सगळ्यात ताकदवान तिघांपैकी कोण जिंकणार हे टीममध्ये बसून ठरतं, याला काय म्हणायचं? आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, कुस आवडतोच. पण निकाल ठरवणं जर पाप असेल तर यापेक्षा मोठं पाप कुठली दोन टीमची युती करू शकली असती?

मला वाटतं लोकांच्या डोक्यात टीम म्हणजे कुटुंब आणि बाहेरचा म्हणजे शत्रू असं पक्कं बसलंय. इतिहास बघितला तर उलटंच जास्त दिसतं. 1986 ला ईनो आणि लेमाँड एका टीमचे, ईनोने आदल्या वर्षी शब्द दिलेला की पुढचा टूर तुझा, आणि प्रत्यक्षात जवळपास तीन आठवडे लेमाँडवरच हल्ले. आल्प द्युएझवर दोघं हातात हात घालून रेषा ओलांडतात तो फोटो कितीही गोड असला तरी फसू नका. आणि 1987 चा जिरो तर कहरच. गुलाबी जर्सी रोबेर्तो विसेंतिनीकडे, स्टीफन रोश त्याच्याच टीमचा, साप्पादाच्या स्टेजला रोश उतारावरून सुटला. मागे कोण लागलं? त्याचीच टीम! टीम कारमधून निरोप की थांब, हा थांबला नाही, विसेंतिनी वर ढेपाळला आणि जर्सी रोशकडे आली. पुढच्या डोंगरात इटालियन प्रेक्षक त्याच्यावर थुंकत होते, दारूच्या चुळा टाकत होते, आणि त्याच्या एका बाजूला ढालीसारखा होता टीममधला एकमेव मित्र एडी श्खेपर्स, दुसऱ्या बाजूला रॉबर्ट मिलर, आजची फिलिपा यॉर्क, जो दुसऱ्याच टीमचा होता आणि त्याच जिरोत शेवटी दुसरा आला. रोशने जिरो घेतला, त्याच वर्षी टूर आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपही. आता यात गद्दार कोण आणि सोबती कोण हे जर्सीचा रंग बघून सांगून दाखवा.

मिलरचं नाव निघालं की दोन वर्षं मागे जावंच लागतं, आणि इथे माझी बाजू लंगडी पडते हे मी आधीच मान्य करतो. 1985 चा व्हुएल्टा, शेवटून दुसरी स्टेज, जर्सी मिलरकडे. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते दोघं त्याच्या सोबतच चाललेत, म्हणजे जिंकल्यातच जमा. पण पुढे पेद्रो देल्गादो, जो सहा मिनिटांहून जास्त मागे होता, तो रेसियोबरोबर निघून गेलाय हे मिलरला कळलंच नाही वेळेत, आणि कळलं तेव्हा जवळ एकही टीममेट नाही आणि आजूबाजूच्या स्पॅनिश टीमपैकी कुणी पुढे येऊन पाठलाग करायला तयार नाही. रेसियोने स्टेज घेतली, देल्गादोने व्हुएल्टा घेतला, फरक 36 सेकंद. हे मला पचत नाही, आजही नाही. देल्गादो आणि रेसियो यांचं मी समजू शकतो, एकाला स्टेज, एकाला जर्सी, हा पेलोटॉनमधला सगळ्यात जुना सौदा आहे आणि त्यात दोघंही स्वतःसाठीच पाय मारत होते. पण बाकीच्यांचं काय? ज्यांनी ओढलं असतं तर स्वतःच्या रायडरचा फायदा होता, त्यांनी फक्त जिंकणारा आपल्या देशाचा हवा म्हणून पाय सैल सोडले.

तसंच 1959 च्या टूरचं. तेव्हा नॅशनल टीम असायच्या आणि सोबत फ्रान्सच्या प्रादेशिक टीमही. आंक्तील, रिव्हिएर वगैरे मोठी मंडळी फ्रान्सच्या मुख्य टीममध्ये, आणि प्रादेशिक टीममधला आंरी आंग्लाद, फ्रेंचच, टूर जिंकायच्या बेतात. या मंडळींना तो नको होता, टूरनंतरच्या क्रायटेरियम, म्हणजे मानधन घेऊन धावायच्या छोट्या प्रदर्शनी, शर्यतींचे पैसे आणि एजंट लोकांचं राजकारण त्यात होतं, म्हणून त्यांनी स्पेनच्या बाहामोंतेसच्या मागे जीव तोडून लागायचं टाळलं. बाहामोंतेस जिंकला, आंग्लाद दुसरा, आणि पॅरिसच्या मैदानावर प्रेक्षकांनी आपल्याच हिरोंना शिट्ट्या मारून हाकललं. प्रेक्षक बरोबर होते असं माझं मत.

मग मी रेघ कुठे मारतो? दोन टीमच्या सौद्यात दोघंही अजून स्वतःच्या निकालासाठी लढत असतील, म्हणजे दोघांनाही शर्यतीतच काहीतरी मिळणार असेल, स्टेज, जागा, जर्सी, वेळ, तर तो सौदा शर्यतीचाच भाग. ज्याला शर्यतीत काहीच मिळत नाही आणि तरी तो कुणाला तरी जिंकवतोय किंवा पाडतोय, तिथे शंका घ्या, पाकीट बघा. ही रेघ सगळीकडे सरळ बसते असं नाही, पण "वेगळी टीम म्हणजे गुन्हा" यापेक्षा नक्कीच बरी आहे.

या रेघेच्या योग्य बाजूला कोण बसतं ते सांगतो. 2016 चा व्हुएल्टा, फोर्मिगालची स्टेज, जेमतेम 118 किलोमीटरची. झेंडा पडल्या पडल्या कोंतादोर सुटला, ज्याला आता गमावण्यासारखं फार उरलं नव्हतं, आणि लाल जर्सीतला किंताना क्षणभरही विचार न करता त्याच्या मागे. दोन वेगळ्या टीम, दोन वेगळे स्वार्थ, पण एक समान अडचण, ख्रिस फ्रूम, ज्याच्याकडे टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची स्टेज) बाकी होती. फ्रूमची टीम स्काय मागे झोपेत सापडली आणि त्याच्याजवळ कुणीच उरलं नाही. दिवसाअखेर तो अडीच मिनिटांहून जास्त गमावून बसला, आणि त्याच्या बहुतेक टीमसकट नव्वदहून जास्त रायडर टाइम लिमिटच्या बाहेर आले, त्यांना माफी देऊन ठेवावं लागलं नाहीतर पेलोटॉन अर्धंच उरलं असतं. फ्रूमने पुढे टाइम ट्रायलमध्ये दोन मिनिटांच्या वर वसूल केले आणि तरी किंताना जिंकला. एका सकाळच्या युतीने त्या काळच्या सगळ्यात श्रीमंत टीमला पाडलं. मला सायकलिंग याच्यासाठी आवडतं राव, अजून कशासाठी.

आणि म्हणून मला काळजी वाटते ती युत्या संपत चालल्यात याची. टीम स्कायने आणि नंतरच्या इनिऑसने 2012 ते 2019 या आठ टूरपैकी सात घेतले. 2023 ला जम्बोने तिन्ही ग्रँड टूर घेतले. 2024 च्या टूरमध्ये पोगाचार जिंकला, सहा स्टेज स्वतः घेतल्या, आणि त्याच्यासाठी घाटात ओढणारे दोघं, आल्मेइदा आणि अॅडम येट्स, चौथे आणि सहावे आले! चौथा आणि सहावा आलेले नोकर! दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये हे मालक असते. अशा टीमला बाहेरच्या कुणाची गरजच पडत नाही, स्टेज सोडून मित्र जोडायचीही नाही, आणि समोरच्यांनी एकत्र यावं तर त्यांनाही आपली आठवी-नववी जागा धोक्यात घालवत नाही, कारण तीन वर्षांच्या पॉइंटवर वर्ल्डटूरचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं, लायसन्स टिकतं. नववा रायडर दहाव्याला मारण्यात गुंतलेला असतो आणि पहिला आरामात पुढे. हे सगळं नियमात बसतं. याला कुणी फिक्सिंग म्हणत नाही.

त्यामुळे मिलीभगत शोधायला दुर्बीण लावण्यापेक्षा टीम लहान करा. 2018 ला ग्रँड टूरच्या टीम नऊवरून आठ केल्या, त्याने काही झालं नाही असं म्हणतात आणि खरंय, एकाने काय होणार, सहा करून बघा. सहा जणांत तीन आठवडे शर्यत आवळून धरता येत नाही, दुसऱ्या टीमची मदत मागावीच लागते, आणि मागितली की काहीतरी द्यावं लागतं. आणि खालच्या जागांचे पॉइंट कमी करून स्टेजचे वाढवा. रायडरच्या कानातल्या रेडिओबद्दल मी बोलत नाही, तो वेगळाच वाद आहे.

अजून एक नियम आहे तो मात्र फेकून द्यायला हवा. चाक किंवा सायकल द्यायची, पडलेल्यासाठी किंवा मागे राहिलेल्यासाठी थांबायचं, हे फक्त आपल्याच टीमच्या रायडरसाठी. बाटली, खाणं दुसऱ्याला देता येतं, चाक नाही. 2015 च्या जिरोच्या दहाव्या स्टेजला फोर्लीजवळ शेवटच्या काही किलोमीटरमध्ये रिची पोर्ट पंक्चर झाला. दुसऱ्या टीमचा सायमन क्लार्क, तोही ऑस्ट्रेलियन, थांबला, पुढचं चाक काढून दिलं. साधा दोस्तीचा मामला, तेही सगळ्यांसमोर. दोघांना दोन-दोन मिनिटं आणि 200-200 स्विस फ्रँकचा दंड. आता तुम्ही म्हणाल की तुझ्या रेघेप्रमाणे क्लार्कला शर्यतीत काहीच मिळत नव्हतं. हो, बरोबर आहे, सापडलो. पण पंक्चर झालेल्याला चाक देणं आणि पाठलाग करायच्या वेळी पाय सैल सोडून कुणाला तरी बुडवणं यात फरक कळायला कमिसेर (शर्यतीचा पंच) कशाला हवा?

आणि हाच नियम 2022 च्या टूरमध्ये ओताकामच्या स्टेजला कुणालाच आठवला नाही. स्पांदेलच्या उतारावर पोगाचार हल्ल्यावर हल्ले करत होता, विंगेगार्ड पडता पडता वाचला, मग पोगाचारच खडीत घसरून पडला, आणि पिवळ्या, म्हणजे टूरमधल्या पहिल्या नंबरच्या, जर्सीतला विंगेगार्ड पुढे जाऊन थांबला. प्रतिस्पर्धी टीमच्या, अपघात झालेल्या, सगळ्यात धोकादायक माणसासाठी. मांडीला खरचटलेला पोगाचार आला, हात पुढे केला, दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवले. दंड शून्य. मग पुढच्या घाटात, ब्रेकमध्ये आधीच पाठवून ठेवलेला व्हान आर्ट हिरव्या जर्सीत पुढे आला, वेग वाढवत नेला, आणि पोगाचारचं चाक आधी हातभर आणि मग सायकलभर मागे पडलं. वर रेषेपाशी फरक होता 1 मिनिट 4 सेकंद.